कानउघाडणी

देवानं माणूस घडवताना डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले (ते मिटताही येतात, ही गोष्ट आमच्या शाखेत फारशी कुणाला ठाऊक नाही), नाक दाबायला दोन बोटं दिली. कानाला मात्र झाकण दिलं नाही. ही देवाच्या हातून झालेली नजरचूक आहे, असं माझं बरीच वर्षं प्रामाणिक मत होतं. ज्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर फरशा बदलण्याचं काम चालू आहे, त्याचं दुसरं मत असूच शकत नाही. पण पुढं विचार केल्यावर लक्षात आलं की, देवाचा हिशेब चोख होता. डोळे झोपतात, तोंड झोपतं (काहींचं घोरतं), कान मात्र जागा राहतो. रात्री दोन वाजता तान्हं मूल कुरकुरलं की आई उठते, ती कानामुळं. कान हा शरीराचा रात्रपाळीचा पहारेकरी. पहारेकऱ्याच्या चौकीला दार ठेवलं तर तो आतून कडी लावून झोपेल, हे देवाला पक्कं ठाऊक होतं.

अशा या पहारेकऱ्याच्या तोंडात हल्ली आपण रबरी बोळा कोंबतो आणि त्याला 'संगीताचा आनंद घेणं' म्हणतो. माझा आजचा सगळा राग या बोळ्यावर आहे.

आधी कबुली देऊन टाकतो. वर्षभर मी स्वतः बोळेवाला होतो. डॉक्टरांनी "रोज पाऊण तास चाला, नाहीतर मी चालवीन" अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं आणि ते ऐकून आमच्या मेहुण्यानं मला वाढदिवसाला कानात घालायचे दोन पांढरे बोळे भेट दिले. मेहुणा संगणकाच्या कंपनीत असल्यामुळं त्याच्या भेटीला नेहमी एक चार्जर असतो. "भाऊजी," तो म्हणाला, "यात बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही!" जसं काही बाहेर सगळं गाव माझी निंदा करत उभं होतं.

पहिले आठ दिवस मी स्वर्गात होतो. सकाळी तळजाईच्या टेकडीवर मी आणि पंडित भीमसेन जोशी, दोघंच. नवव्या दिवशी समोरून येणारी मंडळी एकदम थबकली, झाडीकडं बोटं दाखवायला लागली, कुणी मोबाईल काढले. मीही थांबलो, काही दिसलं नाही, पुढं निघालो. नंतर कळलं की मोर ओरडला होता. पुण्यात राहून फुकट मिळणाऱ्या ज्या दोन-तीन गोष्टी आहेत त्यांपैकी एक मी पैसेवाल्या बोळ्यापायी घालवली होती. टेकडी उतरून रस्त्याला लागलो तर कोपराला काहीतरी चाटून गेलं. विजेवरची स्कूटर. ही वाहनं मुळातच मांजराच्या पावलांनी येतात. २०१९ पासून आपल्याकडं विजेवरच्या बसही आल्या आहेत. म्हणजे ज्या काळात रस्त्यावर कान जास्त टवकारायला हवेत, नेमका त्याच काळात आपण ते बुजवून घेतले. स्कूटरवाला मागं वळून बरंच काही बोलला. त्याच्या ओठांच्या हालचालीवरून विषय आमच्या घराण्याचा असावा.

बोळ्याचे इतर गुण हळूहळू कळत गेले. कान बंद करून चाललं की स्वतःचीच पावलं डोक्यात धप धप वाजतात. आपल्या शरीराचे आवाज हाडांतून कानाच्या नळीत येतात आणि एरवी उघड्या तोंडानं बाहेर निघून जातात. नळीला बूच मारलं की ते आतच कोंडतात. बोळे घालून चिवडा खाऊन पाहा, डोक्यात खडी फोडायचं काम सुरू होतं. पावसाळ्यात कान खाजायला लागला म्हणून कानाच्या डॉक्टरांकडं गेलो, तर त्यांनी आत बुरशी असल्याचं सांगितलं. "ओल्या कानाला बूच मारून ठेवलंत तर दुसरं काय होणार? पावसाळ्यात भाकरीला येते, तशी कानालाही येते," असं म्हणून त्यांनी फी घेतली.

तरीही मी बोळे सोडले नाहीत. एवढंच काय, इतरांच्या कानांतले बोळे मला दिवसभर छळत असतानाही स्वतःच्या कानांतले दिसले नाहीत. परवा काउंटरवर एक तरुण आला आणि माझ्याकडं बघत अत्यंत जिव्हाळ्यानं म्हणाला, "जेवलीस का?" क्रियापदाचं लिंग माझ्या उशिरा लक्षात आलं. तोपर्यंत मी, "नाही अजून, दीड वाजता," असं उत्तर देऊन बसलो होतो.

माझे कान खरे उघडले ते गेल्या श्रावणात, आणि त्यात विनोद काही नाही.

आमच्या घरी एक जागच्या जागी चालवायची सायकल आहे. वर्षाचे दहा महिने तिच्यावर टॉवेल वाळतात, पावसाचे दोन महिने मी. त्या संध्याकाळी ही भाजी आणायला गेली होती. आई आतल्या खोलीत. तिचं वय एकोणऐंशी. मी गॅलरीत सायकल दामटत होतो, कानात बोळे, बोळ्यांत मारवा. वीस मिनिटांनी कुणीतरी खांद्याला हात लावला म्हणून दचकलो, तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी. घंटा वाजवून वाजवून शेवटी त्यांच्याकडं ठेवलेल्या किल्लीनं त्या आत आल्या होत्या. न्हाणीघराच्या दाराशी आई जमिनीवर बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. खालच्या मजल्यावर ऐकू गेलेली हाक मला बारा फुटांवर ऐकू आली नव्हती.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. रिक्षात मी आईला विचारलं, "अगं, जोरात हाक नाही का मारायचीस?"

"मारली रे तीन-चारदा," ती म्हणाली. "मग म्हटलं, गाणं ऐकतोयस. संपलं की येशील."

रात्री दोन वाजता माझ्या कुरकुरीला उठणारी हीच ती बाई. तिनं मला दोष दिला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जमाखर्च जुळवता येतो. हा जुळला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोळे डबीत घालून मेहुण्याला परत केले आणि कान उघडा ठेवून ऐकायचं यंत्र शोधायला लागलो. शोधताना असं लक्षात आलं की मी काही नवीन मागत नव्हतो. १ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनी कंपनीचा पहिला वॉकमन विकायला आला. त्या कंपनीचे अकिओ मोरिता यांनी तो आधी घरी नेऊन पाहिला. ते कान लावून बसल्यावर त्यांच्या पत्नीला आपल्याला बाहेर ठेवल्यासारखं वाटलं, ती नाराज झाली, असं त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. (जगातले सगळे महत्त्वाचे शोध नवऱ्याचे असतात आणि त्यांतल्या दुरुस्त्या बायकोच्या.) म्हणून त्या पहिल्या वॉकमनला दोघांसाठी दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण होतं, ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि एकमेकांशी बोलता यायचं. हेडफोनही स्पंजाचे, हलके, कानावर नुसते टेकणारे. पुढं ते बटण गेलं, स्पंज गेला, बोळे आले.

उलट, बाहेरचा आवाज पुसून टाकणारी जी करामत मेहुणा मला कौतुकानं सांगत होता, तिचा जन्म विमानातला. अमेरिकेतले प्राध्यापक अमर बोस, बंगाली वडिलांचे चिरंजीव, १९७८ साली विमानप्रवासात हेडफोनवर गाणं ऐकायला बसले आणि इंजिनाच्या घरघरीनं वैतागले. त्यातून त्यांना ही कल्पना सुचली आणि पहिली विकाऊ वस्तू १९८९ साली निघाली ती वैमानिकांसाठी. विमानाच्या इंजिनासाठी केलेला इलाज आपण तळजाईवर मोरासाठी आणि घरात आईसाठी वापरतो! जुलाबाचं औषध सर्दीला घेण्यातला हा प्रकार आहे.

मी दुकानात गेलो. तिथल्या मुलानं विचारलं, "काका, तुम्हाला कशासाठी पाहिजेत?" म्हटलं, "आईची हाक ऐकू यावी म्हणून." तो बराच वेळ खोक्यांवर ते वैशिष्ट्य छापलंय का ते शोधत राहिला.

उघड्या कानाच्या यंत्राचे मुख्य प्रकार तीन. पहिला हाडवाला. यात मानेमागून एक पट्टी जाते आणि दोन चकत्या कानापुढं गालाच्या हाडावर टेकतात. त्यांची थरथर कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात पोचते, पडद्याचा दरवाजा न वाजवता. कानाचं भोक पूर्ण मोकळं. इंग्लंडात वाहतूक पूर्ण बंद न केलेल्या रस्त्यांवरच्या शर्यतींत बाकीच्या हेडफोनांना मनाई आणि या हाडवाल्यांना परवानगी, असा नियम आहे. शर्यतवाल्या साहेबाला जे कळलं ते माझ्यासारख्या चालणाऱ्याला कळायला हरकत नव्हती. दोष म्हणाल तर आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या होतात, आणि तबला चांगला वाजला तरी डग्गा सासरी आल्यासारखा दबून असतो. झोपून ऐकायचं तर मागची पट्टी उशीशी भांडते.

दुसरा प्रकार आकड्याचा. चष्म्याच्या काडीसारखा आकडा कानावर बसतो आणि भोकाच्या जरा वर किंवा पुढं एक छोटा स्पीकर लटकतो. सूर भरीव, डग्गाही बरा. पण ज्याच्या कानामागं आधीच चष्म्याची काडी आहे, त्याच्या कानामागं लोकलच्या दारासारखी गर्दी होते. तेव्हा चष्मेवाल्यानं चष्मा लावूनच घालून बघावं.

तिसरा प्रकार चिमट्याचा. हा कानाच्या कडेला चिमटा घेऊन बसतो. पेशवाईनंतर पुण्यात भिकबाळी अशी परत आली. चष्म्याला अडचण नाही, पळताना पडत नाही. मात्र चिमटा घट्ट असला तर तासाभरानं शाळेतल्या मास्तरांची आठवण होते.

किमती दीड-दोन हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत. एवढ्यावर ठरवू नका. दुकानात लाजलज्जा सोडून घालून बघा, मान जोरात हलवा, जागच्या जागी वीस उड्या मारा. मी मारल्या. चार गिऱ्हाइकं निघून गेली, पण एक जोडी पाचव्या उडीला खाली पडली ते तिथंच कळलं. खोक्यावर 'आयपी' असं लिहून दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५५ असले तर घामाला आणि सरीला पुरे. ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी टिकावं, असा अर्थ. पण म्हणून पोहायला नेऊ नका, कारण ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शिरल्या की विरून जातात. पोहणाऱ्यांसाठी पोटात गाणी साठवलेली यंत्रं वेगळी मिळतात. ओल्या बोटानं बटण दाबलं जातं का बघा. चार्जिंगची वायर मोबाईलचीच चालते की कंपनीची खास लागते तेही विचारा. खास वायर हरवली की उरलेलं यंत्र अंगठीच्या डबीत ठेवायच्या योग्यतेचं होतं.

आता बोळेपक्षाचं म्हणणं. मेहुण्याचा पहिला मुद्दा असा की, "भाऊजी, हल्ली बंद बोळ्यांतही बाहेरचं ऐकू येण्याची सोय असते. बटण दाबायचं, मायक्रोफोन बाहेरचा आवाज आत आणतो." असेल. म्हणजे आधी घराच्या खिडक्या विटांनी बुजवायच्या आणि मग भिंतीवर टीव्ही लावून त्यात बाहेरचा रस्ता बघायचा. आणि बटण दाबायची आठवण कधी होणार? हाक आल्यावर. हाक आली हे कळणार कसं? मेहुण्यानं विषय बदलला.

दुसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. गोंगाटात उघड्या कानाचं यंत्र हरतं. विमानात, धडधडत्या लोकलमध्ये, चालू मिक्सरशेजारी त्यातून नीट ऐकू येत नाही, मग माणूस आवाज वाढवत जातो आणि ते फार वाईट. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जाहीर केलेल्या मानकात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५. आता यातलं व्याज लक्षात घ्या. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. ही चक्रवाढ कर्जाची आहे, ठेवीची नव्हे. आणि फेडायची वेळ येते तेव्हा मुद्दल म्हणजे कानच गेलेला असतो. तेव्हा विमानात आणि गाडीत खुशाल बंद यंत्र वापरावं, तिथं ते कमी आवाजात ऐकू देतं. रस्त्यावर गाण्याचे शब्द ऐकू येईनासे झाले तर आवाज वाढवण्याऐवजी गाणं बंद करावं. रस्ता म्हणजे मैफल नव्हे.

तिसरी कबुली शेजाऱ्यांच्या वतीनं. उघड्या कानाचं थोडं बाहेर सांडतं. काही यंत्रं मागच्या बाजूनं उलट्या लहरी सोडून ते सांडणं कमी करतात, पण शांत खोलीत शेजारच्याला कुजबुज लागतेच. मी घेण्याआधी हिला दोन पावलांवर उभं केलं आणि विचारलं, "काही ऐकू येतंय?" ती म्हणाली, "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तू मला काहीतरी विचारलेलं ऐकू येतंय." यंत्र घेऊन टाकलं.

मी चिमट्याचं घेतलं. गाण्याची खुमारी कमी झाली, हे मान्य आहे. माझ्या मारव्यात आता कुकरच्या शिट्ट्या असतात, भंगारवाला असतो, "अरे, दूध बघ" अशी आईची हाक कधीकधी बरोब्बर समेवर येते. मेहुणा याला 'व्यत्यय' म्हणतो. माझं म्हणणं इतकंच आहे की व्यत्यय कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. ज्या घरात आपल्याला हाका मारणारं माणूस आहे त्या घरात गाणं हा मधल्या वेळेचा प्रकार आहे. हाक संपल्यावर गाण्याला वेळच वेळ मिळतो. तो वेळ लवकर यावा असं मला वाटत नाही.

गेल्या रविवारी मेहुणा आला तेव्हा मी त्याला समोर बसवून हे सगळं सांगितलं. मोरितांपासून डेसिबलपर्यंत काही सोडलं नाही. चांगला अर्धा तास बोललो. तो अतिशय शांतपणे, मान डोलवत बसला होता. माझ्या वक्तृत्वाचा एवढा परिणाम आजवर कुणावर झाला नव्हता. तेवढ्यात आतून आईनं विचारलं, "अरे, दोघांचा चहा टाकू का?" मी होय म्हटलं. मेहुणा गप्प. आईनं पुन्हा विचारलं, "तू घेणार ना रे?" मेहुणा मान डोलवतोच आहे. मी जरा वाकून त्याच्या कानाकडं बघितलं. पांढरे बोळे. माझेच, परत केलेले.

आईनं दोन कप आणून ठेवले. त्याच्या वाटणीचा चहाही मीच प्यालो.